मजा आहे बुवा तुमची!

प्लास्टिक सर्जनला जन्मभर एक वाक्य ऐकावं लागतं: ‘मजा आहे बुवा तुमची!’ लग्नाच्या पंगतीत ते ऐकू येतं, सोसायटीच्या सभेत ऐकू येतं. परकेच म्हणतात असंही नाही. रुग्णालयात चहा पिताना हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन मंडळीही ते तितक्याच मोकळेपणाने म्हणतात. या व्यवसायात माझे केस पांढरे झाले, त्यातली बरीचशी वर्षं सरकारी रुग्णालयात गेली. असल्या बोलण्यावर हसून विषय बदलायची सवय मी लावून घेतली होती. ती आता सोडली आहे, कारण हे वाक्य दिसतं तितकं निरुपद्रवी नाही.

त्यामागचं मत उलगडून सांगायचं तर ते असं. प्लास्टिक सर्जन म्हणजे डॉक्टरांमधला नशीबवान प्राणी. रात्रीबेरात्री फोन नाही, रुग्ण दगावत नाही, नातेवाईक काचा फोडत नाहीत. नटीचं नाक सरळ करायचं, उद्योगपतीच्या टकलावर केस पेरायचे, नोटा मोजून घ्यायच्या आणि शनिवारी लोणावळा गाठायचं. जीव वाचवण्याचं खरं काम बाकीचे डॉक्टर करतात. हे लोक हौस भागवतात. एवढा पैसा, एवढा आराम आणि इतकी कमी जोखीम असल्यावर माणूस समाधानी असणारच. आणि नसला, तर त्याच्यासारखा कृतघ्न कोण?

हे मत बाळगणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एकाला हेवा वाटतो, दुसऱ्याला किळस. पहिला म्हणतो, आमच्या मुलीला हीच शाखा घ्यायला सांगतो. दुसरा म्हणतो, एवढं शिकून शेवटी ओठ फुगवायचे? दोघांचं गृहीतक मात्र एकच: या कामातलं समाधान पैशातून आणि आरामातून येतं. ते गृहीतकच चुकीचं आहे. आणि ते फक्त आमच्याबद्दल चुकीचं असतं तर मी लेखणी उचलली नसती. त्याची किंमत रुग्ण मोजतात, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात सर्वांत लाडक्या आरोपापासून करू: यात कुणाचा जीव वाचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे भारतात दरवर्षी 10 लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. निम्मं अंग भाजलेला माणूस पहिले दोन-तीन दिवस सलाईनवर तरला, तर त्यापुढे त्याला मारतो तो जंतुसंसर्ग. शरीरावरची कातडी गेली की जंतूंना दार सताड उघडं. ते दार बंद करायचं म्हणजे जळलेली, मेलेली कातडी काढून टाकायची आणि न भाजलेल्या जागेवरून पातळ कातडी काढून तिथे कलम करायची. हे काम कोण करतं, असं या मंडळींना वाटतं? ब्यूटीपार्लर? जळीत कक्षात एकदा चक्कर मारा. दिसतील त्या बहुतेक तरुण बायका. जबाबात लिहिलेलं असतं, ‘स्टोव्हचा भडका उडाला’. तो भडका नेमका घरातल्या सुनेवरच का उडतो, हे विचारायची तसदी फारसं कुणी घेत नाही. त्या बाईच्या खाटेशी रोज ड्रेसिंगला जो उभा असतो, तो तुमचा लोणावळ्याला गेलेला प्लास्टिक सर्जन.

पण समजा, घटकाभर मान्य करू की जीव वाचवणं आणि माणूस वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग माझा प्रश्न असा: नाडी चालू आहे एवढ्यावर डॉक्टरचं काम संपतं का? गळ्यावर भाजलेल्या मुलीची जखम भरून येते, ती ‘बरी’ होऊन घरी जाते, आणि सहा महिन्यांत व्रण आकसून तिची हनुवटी छातीला चिकटते. तोंड मिटत नाही, लाळ गळते, मान वर होत नाही, शाळा सुटते. नाडी मात्र उत्तम आहे. कडबाकुट्टीत पंजा गेलेला ऊसतोड कामगार जिवंत आहे. पॉवरप्रेसखाली चार बोटं गेलेला भोसरीचा कामगार जिवंत आहे. गुटख्याने जबडा खाल्ला म्हणून अर्धा जबडा काढलेला माणूस कर्करोगातून वाचला आहे. फक्त त्याला गिळता येत नाही, बोलता येत नाही आणि नातवंडं त्याच्याजवळ येत नाहीत. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, हे त्याला सांगून काही उपयोग नाही. त्याच्या पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, त्याला जबड्याचा आकार देऊन, मानेतल्या रक्तवाहिन्यांशी जोडलं, की तो पुन्हा भाकरी चावायची भाषा करतो. हे हौसेचं काम आहे?

ज्यांना इतिहासाशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी इतिहासही आहे, आणि तो पुण्याचाच आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा बैलगाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात तोडला. वर्षभर तो बिननाकाचा जगला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक करून दिलं. इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली, 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचं वर्णन सचित्र छापून आलं, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया करून पाहिली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची एक मोठी वाट पुण्यातून जाते. कावसजीचा जीव धोक्यात नव्हता. नाकाशिवाय तो श्वास घेत होता, जेवत होता, चालत होता. तरीही त्याला नाक हवं होतं. ते त्याची हौस म्हणून? ज्याला ही हौस वाटते, त्याने एक दिवस नाकाला रुमाल बांधून नव्हे, नाकाशिवाय मंडईत जाऊन यावं.

इथे दुसऱ्या पंथातला शहाणा माणूस सावरून बसतो. तो म्हणतो, ‘अहो, भाजलेल्यांचं, अपघाताचं मी म्हणतच नाही. ते खरं काम. मी म्हणतो ते दिसण्याचं काम.’ म्हणजे कार्य म्हणजे पुण्य आणि रूप म्हणजे पाप, अशी सोयीस्कर वाटणी. ही वाटणी किती पोकळ आहे, हे पाहायचं तर कुष्ठरोगाकडे पाहा. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया इंग्लंडमधून शिकून परतले आणि 1950च्या दशकात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. औषधाने कुष्ठरोग बरा झालेला असे, जंतू मेलेले असत, पण बसलेलं नाक आणि झडलेल्या भुवया तशाच राहत. गाव तेवढं पाहून माणसाला ओळखी आणि वेशीबाहेर ठेवी. भुवईचा हात चालवायला उपयोग नाही, पाय चालवायलाही नाही. शुद्ध दिसण्याची गोष्ट. पण टाळूवरचे केस आणून भुवई केली, आतून अस्तर देऊन बसलेलं नाक उभं केलं, तर माणसाला घरी परतायची शक्यता निर्माण होई. आता सांगा, ही भुवई पुण्याच्या खात्यात की पापाच्या?

हौस आणि गरज यांतला एवढा फरक तर सरकारच्या करखात्यालाही कळतो. जीएसटीच्या नियमांत सौंदर्यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीवर कर आहे, पण जन्मजात दोष, अपघात किंवा जखमेमुळे बिघडलेलं अंग पूर्ववत करण्यासाठी केली तर नाही. मेडिक्लेमच्या पॉलिसीतही हीच शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे वगळलेली, आणि अपघात, भाजणं, कर्करोग यांसाठी मात्र अपवाद. दुर्दैव असं की पॉलिसीच्या त्या कलमात ‘कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी’ एकाच दमात लिहिलेली असते. मग क्लेम नाकारताना टेबलामागचा माणूस पहिल्या ओळीवर थांबतो आणि भाजलेल्या बाईचा नवरा अपवादाची ओळ शोधत हेलपाटे घालतो. ‘मजा’वाल्यांच्या मताची ही झाली पहिली पावती.

दुसरा आरोप आरामाचा. रात्री फोन नाही म्हणे!

ज्या मंडळींना हे वाटतं त्यांनी मळणीच्या हंगामात मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात रात्र काढावी. मनगटातून तुटलेला हात रक्ताशिवाय सुमारे सहा तासांपलीकडे टिकवणं अवघड; स्नायू मरू लागतात. बोटात स्नायू नसतात, म्हणून नीट थंड ठेवलेलं बोट जास्त वेळ तग धरतं. नीट म्हणजे ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून. प्रत्यक्षात ते बोट बहुधा थेट बर्फात बुडवून आणलेलं असतं, कारण हे कुणी कधी शिकवलेलंच नसतं. बोटातली धमनी जेमतेम एक मिलिमीटर रुंद. ती सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक धाग्याने शिवायची. धमनी झाली की शिरा, शिरा झाल्या की मज्जातंतू, त्याआधी हाड, मग कंडरा. आणि हे प्रत्येक बोटाला. घड्याळाकडे पाहायची सोय नाही. इतकं करून काम संपतं का? उलट, तिथून जागरण सुरू होतं. जोडलेला भाग किंवा दुसरीकडून आणलेला मांसाचा तुकडा, ज्याला आम्ही फ्लॅप म्हणतो, तो पहिले दोन दिवस दर तासाला पाहायचा. रंग बदलला, निळसर झाला किंवा पांढरा पडला, तर रात्री अडीचला भूलतज्ज्ञाला उठवून पुन्हा थिएटर. उशीर झाला तर सगळं मुसळ केरात. रेसिडेंट डॉक्टरांची झोप या ‘फ्लॅप चेक’मध्येच संपते. 2015 साली भारतात कोचीला पहिलं हस्तप्रत्यारोपण झालं. 2020 साली मुंबईत घाटकोपर स्थानकातल्या रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला हात मिळाले. वर्तमानपत्रांनी हसरे फोटो छापले, ते योग्यच. पण त्या फोटोमागे किती लोकांची किती तासांची उभी रात्र होती, हे कुणी मोजलं?

आता पैसा. हा मुद्दा इतका स्वयंसिद्ध समजला जातो की तो कुणी सिद्ध करायला बसत नाही. आपण बसू.

साडेपाच वर्षं एमबीबीएस. तीन वर्षं जनरल सर्जरीत एमएस. पुन्हा प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षं एमसीएच. मध्ये परीक्षांची तयारी, मध्ये सरकारी बंधपत्राची सेवा. वर्गातला इंजिनिअर मित्र घराचे निम्मे हप्ते फेडून बसतो, तेव्हा आमचा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या नावाने कमवायला लागतो. पुढे मुंबई-पुण्यातल्या थोड्यांना मोठी मिळकत होते, हे खरं. पण जिल्ह्याच्या गावी जो प्लास्टिक सर्जन मधुमेहाच्या पायाच्या जखमा, अपघातातले उघडे फ्रॅक्चर आणि भाजलेली मुलं पाहतो, त्याच्या बिलासाठी नातेवाईक कानातलं गहाण टाकून पैसे आणतात, ते त्याला दिसत असतं. तिथे श्रीमंत होणं कठीण आणि झोप लागणं त्याहून कठीण.

‘पण अमेरिकेत?’ असं कुणीतरी विचारतंच. बरं, अमेरिका. तिथे डॉक्टरांच्या मिळकतीच्या ज्या वार्षिक पाहण्या होतात, मेडस्केपच्या, त्यांत प्लास्टिक सर्जन वरच्या काही जागांवर असतात. म्हणजे पैशाचा सिद्धांत खरा असता तर तिथला प्लास्टिक सर्जन निवांत असायला हवा. 2015 साली त्यांच्याच व्यवसायाच्या मुख्य नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे 30 टक्के प्लास्टिक सर्जन कामाने पार पिचून गेलेले, मनाने कोरडे पडलेले आढळले. याच्याशी निगडित कारणांत कामाचे तास होते, आठवड्यातल्या रात्रपाळ्या होत्या. पैसा भरपूर, तरी दहांतले तीन जण होरपळलेले. मग उरलेल्या सात जणांच्या समाधानाचं श्रेय पैशाला कुठल्या गणिताने द्यायचं?

अमेरिकेतून आणखी एक उदाहरण देतो, आणि तो माणूस पंढरपूरचा. डॉ. शरदकुमार दीक्षित. अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन. अपघाताने शरीराची एक बाजू दुबळी झाली, घशाचा कर्करोग झाला, हृदयविकार झाला. एवढं झाल्यावर शहाण्यासुरत्या माणसाने काय करायचं? ब्रुकलिनमध्ये खिडकीशी बसायचं. हे गृहस्थ वर्षानुवर्षं भारतात येत राहिले आणि दुभंगलेल्या ओठांच्या, पडलेल्या पापण्यांच्या मुलांवर शिबिरांमधून फुकट शस्त्रक्रिया करत राहिले. पुण्यात भारतीय जैन संघटनेने अशी शिबिरं भरवली. 2001 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2011 साली ते गेले. या माणसाच्या समाधानाचं कारण सांगा पाहू. पैसा? नव्हता. आराम? तो तर शरीरानेच काढून घेतला होता. अँटियांचंही तसंच. जे.जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केलेला हा माणूस पुढे 1975 साली सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढतो आणि अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवतो. समाधान जर तिजोरीत असतं, तर ही माणसं तिजोरीपासून दूर का चालत गेली?

मग या कामात समाधान येतं तरी कुठून? ते येतं, याबद्दल माझं दुमत नाही. मी त्याच्याच बाजूने भांडतो आहे.

एक कारण साधं आहे. आमचा निकाल दिसतो. रक्तदाबाच्या गोळीने टळलेला झटका डॉक्टरला कधी दिसत नाही. आम्ही केलेला ओठ आरशात दिसतो. अर्थात हे दुधारी आहे. इतर सर्जनची चूक बहुतेक वेळा पोटात झाकली जाते, आमची चूक कपाळावर राहते. जन्मभर. वाकडा आलेला व्रण रुग्ण रोज पाहतो आणि फॉलोअपला आला की आम्हीही पाहतो. इतक्या उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला ‘कमी जोखीम’ म्हणणारे नेमकी कुठली जोखीम मोजतात?

दुसरं कारण म्हणजे आमच्याकडे ठरीव शस्त्रक्रिया कमी. अपेंडिक्स बहुतेकांचं एकाच पद्धतीने निघतं. भाजलेले दोन हात कधीच सारखे नसतात. कातडी कुठून आणायची, किती आणायची, कुठे वळवायची, व्रण कुठल्या सुरकुतीत लपवायचा, हे प्रत्येक वेळी नव्याने, कागदावर रेघा मारून ठरवावं लागतं. ज्याला विचार करायला आवडतो त्याला याहून मोठं सुख नाही, आणि ते सुख फीच्या पावतीवर छापलेलं नसतं.

आणि तिसरं, मला सर्वांत मोलाचं वाटणारं: हे नातं लांब पल्ल्याचं असतं. साधारण सातशे बाळांमागे एक बाळ दुभंगलेल्या ओठाचं किंवा टाळूचं जन्मतं. ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, टाळूची वर्षाच्या आसपास. मग बोलण्याचे धडे. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीत हाड भरायचं. वाढ पूर्ण झाल्यावर, सोळा-अठराव्या वर्षी, नाक नीट करायचं. ज्या बाळाला सासूने ‘ग्रहणात चिरलंस म्हणून’ असं सुनावत आईच्या मांडीवर टाकलेलं असतं, ते बाळ आमच्यासमोर अठरा वर्षांचं होतं. या दोषांची एक वर्गवारी ‘नागपूर वर्गीकरण’ या नावाने ओळखली जाते. ती डॉ. सी. बालकृष्णन यांची. त्यांनीच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 1958 साली देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग सुरू केला. सरकारी महाविद्यालयात, नागपुरात. नटीच्या बंगल्यात नव्हे.

राहिला सौंदर्याच्या शस्त्रक्रियांचा विषय. अपेक्षा अशी असते की इथे मी मान खाली घालावी. ती घालणार नाही. बाजार आहे, भडक जाहिराती आहेत, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे खोटे वाटावेत असे फोटो आहेत; ते चूक आहे आणि त्याविरुद्ध आमच्यातलेच लोक ओरडत आले आहेत. पण चार दिवसांची कार्यशाळा करून केसांचं रोपण करणारे बरेचदा प्लास्टिक सर्जन नसतातच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 साली केशरोपण कुणी करावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली आणि कार्यशाळेत बसणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं सांगावं लागलं, ते उगीच नाही. त्यांचे घोटाळे निस्तरायला रुग्ण शेवटी आमच्याकडेच येतात.

शिवाय एक प्रश्न समाजालाही विचारतो. वधूवरसूचक जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ असं कोण छापतं? मुलीच्या गालावरचे मुरुमांचे खड्डे पाहून ‘स्थळ जरा विचार करून सांगतो’ असं कोण म्हणतं? टक्कल पडलेल्या मुलाला ‘काका’ म्हणून कोण हसतं? वर्षभर हे सगळं करायचं, आणि ती मुलगी सर्जनकडे गेली की तिला उथळ आणि सर्जनला लोभी ठरवायचं. छातीच्या वजनाने मान-पाठ दुखून खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ पडलेली बाई शस्त्रक्रियेला आली, तरी रिसेप्शनवरचे लोक एकमेकांकडे पाहून हसतात. या दांभिकतेला मी वैद्यकीय नीतिमत्ता मानायला तयार नाही.

आणि आता त्या वाक्याचं खरं विष. ‘मजा आहे तुमची’ हे मत पंगतीत थांबत नाही, ते फाईलवर चढतं. ज्यांचं काम हौसेचं, त्यांना थिएटरचा वेळ कशाला? म्हणून आठवड्यातून एक दिवस, तोही इमर्जन्सी आली तर रद्द. ज्यांना आराम आहे, त्यांना जादा हाऊसमन कशाला? ज्यांना बाहेर भरपूर मिळतं, ते सरकारी पदावर येणारच नाहीत, तर पदं भरायची घाई कशाला? परिणाम उघड आहे: तालुक्याचं सोडाच, अनेक जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन नाही. भाजलेली बाई जिल्ह्यातून विभागाच्या ठिकाणी, तिथून मुंबईला, अशी ॲम्ब्युलन्समधून फिरते आणि वाटेत तिचे मोलाचे तास जातात. जळीत कक्षाला वेगळी खोली लागते, पुरेशा परिचारिका लागतात, भौतिकोपचारतज्ज्ञ लागतो, आकसण टाळायला महिनोन्‌महिने घालायचे घट्ट कपडे आणि स्प्लिंट लागतात. यातलं काहीच महागड्या यंत्रांच्या यादीत येत नाही, म्हणून त्याचं उद्घाटनही होत नाही.

कामातून समाधान मिळणं आणि काम करण्याची परिस्थिती समाधानकारक असणं, या दोन गोष्टी आपण मुद्दाम एक केल्या आहेत. डॉक्टर कामावर प्रेम करतो, याचा अर्थ तो परिचारिकेशिवाय, रक्ताशिवाय, कातडीशिवाय चालवून घेईल, असा काढला जातो. शिक्षकांना आपण हेच करतो, आशाताईंना हेच करतो: तुम्हाला सेवेचा आनंद मिळतो ना, मग मागण्या कसल्या? प्लास्टिक सर्जनच्या बाबतीत युक्तिवाद आणखी सोपा, कारण त्याच्या नावामागे नटीचं नाक चिकटलेलं आहे. माणूस रोज जे उत्तम करू शकतो, ते साधनांअभावी अर्धवट करावं लागलं, की तो थकतो. कष्टाने तो इतका थकत नाही. फ्लॅप जगवता आला असता, पण रात्री थिएटर मोकळं नव्हतं. कलम करता आलं असतं, पण रुग्णाच्या अंगावर कातडी उरली नव्हती आणि त्वचापेढीत साठा नव्हता. पिचून जाणं म्हणतात ते हे. त्यावर योगासनांचं शिबिर हा उपाय नाही.

म्हणून पुन्हा, स्पष्ट शब्दांत. प्लास्टिक सर्जन समाधानी असतात, ते काम सोपं आहे म्हणून नव्हे. अवघड काम मनासारखं पुरं करता आलं तर. तो ‘तर’ समाजाच्या आणि सरकारच्या हातात आहे. ज्यांना आमच्या सुखाची इतकी काळजी आहे, त्यांना करता येण्याजोग्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली अशी की मृत्यूनंतर त्वचादान करा आणि घरच्यांना आजच सांगून ठेवा. मृत्यूपासून सहा तासांच्या आत मांडी, पाय आणि पाठीवरून कातडीचा अगदी पातळ थर घेतात. देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ती त्वचा पाच वर्षांपर्यंत जपून ठेवता येते. शीवच्या महापालिका रुग्णालयात 2000 सालापासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. नेत्रदानाचे फॉर्म भरणाऱ्या महाराष्ट्राला हे जड नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तीन प्रश्न विचारा: जळीत कक्ष आहे का, पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन आहे का, आणि त्याला आठवड्यातून किती दिवस थिएटर मिळतं. उत्तरं लेखी मागा. ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ते घेऊन आमदाराकडे जा.